देवाचं पाणी

रिक्षा दारात थांबली तेव्हा हौसा परसात माठाच्या भाजीच्या वाफ्यात बादली रिकामी करत होती. बादलीत रंगाचे ब्रश धुतलेलं पाणी होतं, गुलाबी, वर सोनेरी तवंग आलेलं. हमरापुरात गणपतीचे कारखाने पुष्कळ. कुणी हे पाणी गटारात सोडतो, कुणी रस्त्यावर. हौसाच्या घरात मात्र सासूच्या काळापासून रीत होती. ज्या ब्रशानं देवाचे डोळे आखले, त्याचं पाणी कुणाच्या पायाखाली जाऊ द्यायचं नाही. झाडाच्या मुळात घालायचं.

"आजी," दारातून आवाज आला.

हौसाच्या हातची बादली कलंडली. तिची नात मृणाली आईचं बोट सोडून तुरुतुरु चालत येत होती. ही पोर होळीच्या आधी मुकी होत चालली होती. चांगली चुरूचुरू बोलणारी, पण एकेक शब्द गिळायला लागली. पोट धरून बसायची, खेळता खेळता भिंतीला टेकून झोपायची. पेणच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर रक्तात शिसं निघालं.

"रंगातून जातं ते," बाई म्हणाल्या होत्या. "घरात रंगकाम होतं का?"

बस्स. हौसाला पुढचं काही ऐकायचंच नव्हतं. सून समीक्षा डोळ्यांच्या आखणीला बसायची. सगळ्या आळीत तिच्यासारखा हात नव्हता. त्याच हातावर हौसानं खापर फोडलं. "तुझ्या पदराचा रंग पोरीच्या पोटात गेला. आय हायस का वैरीण?" मुलगा जितेश मान खाली घालून मूर्ती घासत राहिला. समीक्षानं लेक उचलली आणि रोह्याची गाडी धरून निडीला माहेर गाठलं.

हौसाचं म्हणणं लोकांना पटण्यासारखंच होतं. तिनं स्वतः नातीला कारखान्याचा उंबरा कधी ओलांडू दिला नव्हता. दिवसभर परसात, डोळ्यांसमोर, मातीत खेळवली. बाजारच्या भाजीवर फवारे मारतात, म्हणून घरचीच भाजी भरवली. आणि परस तरी कसा! अळवाची पानं सुपाएवढी, माठ लालभडक, वांग्यांनी झाडं वाकलेली. खत शेणाचं आणि पाणी देवाचं, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. नात गेल्यावरही तिला चैन पडेना. रोह्याला कंपनीत जाणाऱ्या शेजारच्या हितेशच्या हाती दर आठवड्याला भाजीची पिशवी निडीला जायची. उरलेली भाजी लेकीला. प्रतीक्षा पहिलटकरीण, सातव्यात माहेरी आणलेली. तिच्या ताटात दोन्ही वेळेला परसातला माठ असायचा. आत्ताही ती आत जेवत बसली होती.

हौसानं नातीला पोटाशी धरलं आणि तिला रडू फुटलं. "बोलली गो माझी बाय."

"नवा रिपोर्ट बरा आला," समीक्षा लांबूनच म्हणाली. "शिसं उतरलंय."

"उतरनारच. रंगापासनं लांब गेली, नी वर माझी भाजी पोटात. मी काय सांगत होते तुला?" हौसाचा स्वर चढला. जिंकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही.

समीक्षानं तिला बोलू दिलं. मग म्हणाली, "आई, तुमची भाजी मी तिला एक दिवस दिली नाय. रागात होते. पिशवी आली का शेळीपुढं टाकायचे."

हौसाच्या ओठांवर शिवी आली होती.

"शेळी गाभण होती," समीक्षा म्हणाली. "खाऊन खाऊन ती गाभडली. करडू मेलेलंच पडलं. तवा आमची आय म्हनाली, या शेळीनं असं काय खाल्लं गो, जे दुसऱ्या शेळ्यांनी नाय खाल्लं?"

समीक्षाची नजर वाफ्यावर होती. कलंडलेल्या बादलीतलं पाणी माठाच्या मुळाशी हळूहळू मुरत होतं. माती वरून गुलाबी दिसत होती.

हौसानं पाण्याकडे पाहिलं. सासूच्या वेळी कारखान्यात गेरू असायचा, हळद असायची, काजळी असायची. ते पाणी प्यायलं तरी कुणी मेलं नसतं. पुढे डबे आले, चकाकणारे रंग आले, गिऱ्हाइकाला तेच आवडायला लागले. रंग बदलले आणि रीत तीच राहिली. नातीला तिनं कारखान्यापासून राखलं खरं, पण कारखाना तिनं आपल्याच हातानं, बादलीबादलीनं, परसात आणून ओतला होता. आणि त्यासाठी सुनेला घराबाहेर काढलं होतं. सुनेचे पाय धरावेत असं तिला वाटलं, पण जागचं हलवेना.

मृणाली जुन्या सवयीनं वाफ्याशी उकिडवी बसली. तिनं ओल्या मातीची मूठ भरली.

हौसानं तिच्या हातावर फाडकन चापट मारली. आजवर या पोरीला तिनं बोट लावलं नव्हतं. मृणाली भोकाड पसरून रडायला लागली. समीक्षानं तिला उचलून घेतलं आणि तिच्या मुठीतली माती झटकली.

रडणं ऐकून आतून प्रतीक्षानं हाक मारली.

"आये, पोरगी का रडते गो? नी आत येताना थोडा माठ खुडून आन. सगळी भाजी मीच संपवली."