गुलामाची जोडी

शुभांगीचा तिसरा ब्लफही फुकट गेला. समोर किशोर होता, तिचा आतेभाऊ. हातात काहीही नसताना त्याने तिच्या बरोबरीने चिंचोके टाकले आणि तिचे पत्ते उघडायला लावले.

"मला वाटलं बघावं तरी," किशोर म्हणाला.

त्याआधी आक्काआत्याने तिला धरलं होतं, का ते आत्यालाही सांगता आलं नाही. गोव्याच्या पोकरच्या टेबलांवर शुभांगीने भल्याभल्यांना पत्ते टाकून डाव सोडायला लावले होते. इथे मखमलाबादच्या मळ्यात, कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या शेडमध्ये, तिचं कुणी ऐकेना. आणि दादा, म्हणजे तिचे वडील खंडेराव, यांची तर तऱ्हाच वेगळी. ते पत्ते उचलतच नसत. तीन पत्ते मांडीसमोर पालथे ठेवायचे आणि न बघताच चिंचोका सरकवायचा. ब्लाइंड.

घर मूळचं सटाण्याकडचं, त्यामुळे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी पत्ते खेळणं इथे सणात धरलं जातं. चिंचोक्यांवर तीन पत्ती खेळायची, पुरणपोळी जिरेपर्यंत. पण यंदा पणाला भलतंच लागलं होतं. गोव्याच्या एका पोकर संघाने शुभांगीला सहा महिन्यांसाठी खेळायला बोलावलं होतं. त्यासाठी सिन्नरच्या कारखान्यातली नोकरी सोडावी लागणार होती. "पत्ते खेळायला नोकरी सोडायची?" असं दादांनी आठवडाभर विचारून झालं होतं आणि आज जेवताना ते म्हणाले होते, "आम्हाला हरवून दाखव, मग जा."

तिसऱ्या ब्लफनंतर शुभांगी शहाणी झाली. तासभर तिने काही केलं नाही. पत्ते बघायची, टाकून डाव सोडायची. फक्त दोनदा खेळली आणि दोन्ही वेळा उघडून दाखवलं तेव्हा हातात चांगले पत्ते होते.

दादा कंटाळले. "अशी टाकतच बसणार काय? चल, आता एकच डाव, आपल्या दोघांत. जिंकलीस तर गोवा. हरलीस तर सोमवारी गुपचूप सिन्नर."

आत्याने पत्ते वाटले. दादांनी हातही न लावता एक चिंचोका टाकला. शुभांगीने पत्ते उचलले. दुर्री, पंजी, नव्वी. तिन्हींचा रंग वेगळा. याहून भिकार पत्ते शोधून सापडले नसते.

तिने दोन चिंचोके टाकले. ज्याने पत्ते बघितलेत त्याने दुप्पट टाकायचं, आणि समोरचा ब्लाइंड असेल तर त्याच्याकडे शो मागायचा नाही, म्हणजे पत्ते उघडायला लावायचे नाहीत, हा या घरचा नियम. म्हणजे तिला एकतर चिंचोके टाकत राहायचं होतं, नाहीतर हरायचं होतं. आणि ब्लफ मारायचा तरी कुणाला? ज्याला स्वतःचेच पत्ते माहीत नाहीत, तो घाबरणार कशाला? आधी दादांना पत्ते बघायला लावायला हवं होतं.

दादांनी पुन्हा एक टाकला. शुभांगीने उरलेले सगळे चिंचोके पुढे ढकलले. मग पर्समधून एक पाकीट काढून त्यांच्यावर ठेवलं.

"हे काय?" दादांनी विचारलं.

"राजीनामा. अजून दिलेला नाही. हरले तर फाडून टाका."

दादांनी शो मागायला मूठभर चिंचोके उचलले.

"दादा," ती म्हणाली, "माझं सगळं आहे हे. न बघताच घेणार?"

दादांचा हात थांबला. मग त्यांनी चिंचोके खाली ठेवले आणि दुपारपासून पहिल्यांदाच पत्ते उचलले. बघितले आणि ताठ बसले. काहीतरी बरं लागलेलं दिसत होतं. शुभांगीने नजर हलू दिली नाही.

"मामा, मागा शो," किशोर म्हणाला. "ब्लफ मारतीये ती."

"तू गप रे. तासभर बघतोय, फालतू पत्त्यावर एक चिंचोका घातला नाय तिनं. आता नोकरी घालतीये. उगाच?"

त्यांनी एकदा मुलीकडे बघितलं, एकदा पाकिटाकडे आणि पत्ते उताणे टाकले. गुलामाची जोडी. "गेलो मी."

किशोर तिचे पत्ते उलटायला झेपावला, पण शुभांगीने ते कॅटमध्ये घालून पिसूनही टाकले होते.

"शोचे चिंचोके कुणी भरलेत?" तिने विचारलं.

तिला उठून नाचावंसं वाटत होतं. दोन वर्षांत कुठल्याही टेबलावर इतका देखणा ब्लफ तिला जमला नव्हता, आणि तो कुणाला सांगता येणार नव्हता.

दादांनी तोवर सटाण्याला भावाला फोन लावला होता. "सोमनाथ, शुभी चालली बरं का गोव्याला. अरे, गुलामाची जोडी होती माझ्याकडं, जोडी! सोडायला लावली. ब्लफबिफ काय नाय, माझी पोरगी खोटं खेळत नाय. तिच्याकडं लय मोठे पत्ते होते, मी तोंडावरून ओळखलं." त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "घे. काका विचारतोय, काय होते पत्ते."

शुभांगीने फोन कानाला लावला.

"दादांनाच विचारा काका," ती म्हणाली. "त्यांच्यासारखं तोंड कुणाला वाचता येत नाही."

दादांनी फोन परत घेतला, मिशीवरून हात फिरवला आणि सोमनाथकाकांचं बोलणं संपताच आणखी एक नंबर लावला.