दुसरं टोक

नाताळच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या मेजवानीचे टेबलक्लॉथ आणि बेघरांच्या निवाऱ्यातली ब्लँकेटं एकदमच आमच्या लॉन्ड्रीत येऊन पडली. मशीन एकच. “अगं, आधी टेबलक्लॉथ टाक. संध्याकाळपर्यंत पोचले नाहीत तर गिऱ्हाईक तुटेल. ब्लँकेटं उद्या धुऊ,” हे म्हणाले. “आणि रात्री त्यांनी पांघरायचं काय? तुमचं उद्या?” मी ब्लँकेटं कोंबून बटण दाबलं. एकदा सुरू झालं की दार उघडत नाही. ह्यांनी कपाळावर हात मारला. मी टबात साबण कालवला. “टेबलक्लॉथ हातानं धुता येतात. भिजलेलं ब्लँकेट पिळून दाखवा बरं!” हे गाल फुगवून गल्ल्यावर बसले. पहिला टेबलक्लॉथ खळबळून मी एक टोक धरलं, दुसरं ह्यांच्यापुढे केलं. पाणी बुटांवर ठिबकत राहिलं. हे उठले. “तू तिकडे पीळ, मी इकडे. नाहीतरी आपलं कधी एका दिशेला जमलंय!”