अर्धा झगा

नाताळच्या सकाळी रूपजी खलाशी पास्कोलच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या अंगात ओलं लाइफ जॅकेट होतं. आदल्या दिवशी वादळात बुडालेल्या पास्कोलच्या होडीवर रूपजीबरोबर त्याचा एकुलता एक मुलगा इलियास होता. जॅकेट इलियासचं होतं. पास्कोलनं एकच घेतलं होतं, मुलासाठी.

"माझे हात गळाले होते, शेठ," रूपजी म्हणाला. "इलियासनं आपलं जॅकेट काढून मला घातलं. म्हणाला, 'बाबा संत मार्टिनची गोष्ट सांगायचे. थंडीनं काकडणाऱ्या भिकाऱ्याला त्या शिपायानं आपला झगा दिला. पुरुषानं असं असावं, म्हणायचे.'"

पास्कोल भिंतीला टेकून खाली बसला.

"अर्धा," तो पुटपुटला. "तलवारीनं कापून अर्धाच दिला होता रे. अर्धा स्वतःला ठेवला होता."

आतून इलियासच्या आईचा हंबरडा ऐकू आला. रूपजी घाईघाईनं जॅकेटचे बंद सोडू लागला. पास्कोलनं उठून त्याचा हात धरला.

"राहू दे अंगात. माझ्या भावाची होडी काढतोय. इलियासला शोधायला चल, ती जागा तुलाच ठाऊक आहे."