चंदेरी कागद

सकाळी शिरेतून दिलेलं धातूचं औषध उद्या डॉक्टर लाल उजेडाने जागं करतील, मग ते माझी गाठ जाळेल. तोवर अंगावर उन्हाची तिरीपही नको, नाहीतर कातडीच भाजेल. म्हणून पडदे ओढलेल्या खोलीत मी येरझारा घालतेय. अंगणात लेक खेळतेय आणि तिला कुशीत घ्यायला जीव तुटतोय. उजेडापासून जपायला नर्सने औषधाच्या बाटलीला चंदेरी कागद गुंडाळला, तेव्हा लेकीने किती प्रश्न विचारले होते! इतक्यात दार किलकिलं झालं. "कागदाचा अख्खा रोल संपवला बयेने! सांभाळ गं तुझं ध्यान," म्हणत सासूबाईंनी तिला आत ढकललं आणि दार लावलं. अंधारात चंदेरी पुडकं चुरचुरत जवळ आलं. "हे काय गं?" "उन्हात खेळले ना मी! अंगाला लागलेला उजेड तुला चिकटला तर? हात अडकलेत, आई. मिठी तूच मार."