चौथ्या दुपारी

टीव्हीवरचा नावाजलेला जादूगार चौकातल्या काचेच्या पेटीत दहा दिवस उपाशी राहण्याचा पण करून बसला होता. जाता-येता लोक त्याला शिव्या घालत, काचेवर अंडी फेकत. दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात हयात घालवलेले काका तर त्याची चोरी पकडायला पहिल्या दिवसापासून समोर ठाण मांडून होते.

चौथ्या दुपारी काकू डबा घेऊन आल्या. "अहो, दोन घास तरी खा. कालपासून पोटात काही नाही तुमच्या."

"मी मान खाली घातली की हा गिळणार! काटा मारणारे भलेभले पकडलेत मी, ह्याला सोडतो काय?" असं म्हणून काका तावातावाने उठले आणि भोवळ येऊन धाडकन कोसळले.

काकू किंचाळल्या. लोकांनी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. तेवढ्यात जादूगार आतली कडी काढून धडपडत बाहेर आला. त्याने काकांचं डोकं मांडीवर घेतलं आणि काकूंच्या बाटलीतलं पाणी त्यांच्या तोंडावर शिंपडलं.

काकांनी डोळे उघडले, त्याचा हात घट्ट पकडला आणि उरलंसुरलं बळ एकवटून ओरडले, "पाहिलंत ना सगळ्यांनी? चारच दिवसांत बाहेर आला!"



चौकात टाळ्यांचा कडकडाट झाला.