बुवांची पट्टी

वरच्या षड्जावर थकलेल्या बुवांचा आवाज चिरकला आणि सभागृह अवघडलं. मागच्या खुर्च्या करकरू लागल्या, काहीजण उठून दाराकडे निघाले. पुढच्या रांगेत नणंदेशेजारी एक वयस्क बाई बसली होती. तरुणपणी लेकीला मांडीवर झोपवून तिने बुवांची पहिली मैफल ऐकली होती. तेव्हापासून एकही चुकवली नव्हती, पण पटल्याशिवाय कधी ‘वा’ म्हटलं नव्हतं. बुवांना ते ठाऊक होतं. आता घाम पुसत ते तिच्याकडेच बघत होते. “वहिनी, खोटी का होईना, दाद द्या,” नणंद कुजबुजली. “आज असेच उठले, तर बुवा पुन्हा गायला बसायचे नाहीत.” खोटं तिच्या तोंडून निघेना. गप्प बसावं, तर तोही निकालच. खुर्चीचा हात धरून ती कशीबशी उभी राहिली. “बुवा, पट्टी उतरवा की! आमच्या गुडघ्यांनी केव्हाच उतरवलीय.” बुवा खुदकन हसले. मग तानपुऱ्याच्या खुंट्या सैल करून त्यांनी सूर खाली घेतला. दाराशी पोचलेले लोक माघारी वळले.