शुक्रवारीच नेलेला रिपोर्ट

"रिपोर्ट तर शुक्रवारीच नेला तुमच्या मिसेसनी," काउंटरवरची मुलगी म्हणाली. वहीतली सही नागवेकरांनी दोनदा पाहिली. शैलजाचीच होती.

आणि ही बाई तीन दिवस त्यांना सांगत होती, "अहो, एमआरआयचा रिपोर्ट यायला वेळ लागतो."

सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या मेंदूजवळची गाठ काढली होती. साधी गाठ, कॅन्सरची नव्हे. पण थोडी जरी आत राहिली असेल तर पुन्हा डोकं उघडावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. बायको रिपोर्ट लपवतेय म्हणजे राहिलीच असणार. काल जेवताना न मागता पानात पडलेल्या सुरमईच्या दुसऱ्या तुकडीचा अर्थही नागवेकरांना आत्ता लागला.

घरी पोचल्यावर त्यांनी चपलाही न काढता विचारलं, "किती राहिलीय?"

"काय?"

"गाठ. शुक्रवारपासून माहितीय तुला."

"मला कुठलं माहीत?" शैलजाने देवघरातून पाकीट आणून पुढे धरलं. त्याच्यावर हळदकुंकू वाहिलेलं होतं आणि चिकटपट्टी जशीच्या तशी होती. "उघडायचा धीरच झाला नाही हो."

नागवेकरांनी पाकीट फाडलं. शेवटची ओळ आधी मनात वाचली, मग मोठ्याने मराठीत सांगितली. "उरलेली गाठ कुठेही दिसत नाही."

शैलजा भिंतीला टेकून खाली बसली. बराच वेळ पदराने डोळे पुसत राहिली. मग तिने हात पुढे केला.

"द्या इकडे. वर नाव तुमचंच आहे का, ते बघू दे आधी."